वाचकांचे प्रश्न : कर्जाच्या पोटात शिरलेला विमा

मागील अंकात गृहकर्जाच्या कागदपत्रांविषयी लिहिताना कर्जासोबत दिल्या जाणाऱ्या विम्याचा उल्लेख मी एका ओळीत उरकला होता. त्या एका ओळीवर जेवढी पत्रे आली, तेवढी उरलेल्या संपूर्ण लेखावर आली नाहीत. त्यांतील चार पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली आहेत, आणि बँका व विमा कंपन्यांची नावे मी स्वतः गाळली आहेत, कारण दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कोणाचे नाव छापणे योग्य नव्हे.

प्रश्न : आम्ही सुदामा नगरमध्ये फ्लॅट घेतला. गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका बँकेने २४ लाखांचे गृहकर्ज २० वर्षांसाठी, ९ टक्के दराने मंजूर केले. माझ्या हिशेबाने हप्ता २१,६०० रुपयांच्या आत यायला हवा होता, पण खात्यातून २२,६५५ रुपये जाऊ लागले. खातेउतारा काढला तेव्हा कर्जाची रक्कम २५,१८,००० निघाली. विचारल्यावर ‘वरचे १,१८,००० इन्शुरन्सचे आहेत सर, सगळेच घेतात’ असे उत्तर मिळाले. सह्या करताना मला विमा कंपल्सरी आहे, त्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही, असे सांगितले होते. मोबाइलवर आलेले दोन ओटीपी मी समोरच्या मुलाला वाचून दाखवले होते. विम्याचे प्रमाणपत्र चार महिन्यांनी, तेही मागितल्यावर हाती आले आणि त्यात विम्याची मुदत फक्त ५ वर्षे लिहिलेली आहे. फसवणूक झाली हे उघड आहे. पैसे परत मिळतील का?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : मिळू शकतात. मात्र ‘फसवणूक झाली हे उघड आहे’ हे वाक्य तक्रारअर्जात लिहू नये, असे मी आधीच सुचवतो. फसवणूक म्हटली की ती सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि काउंटरवर झालेल्या बोलण्याला साक्षीदार नसतो. त्याऐवजी आपण एवढेच विचारावे की, हा विमा मी स्वेच्छेने मागितल्याचा कागद कोठे आहे? तो कागद त्यांच्याकडे असायला हवा, तो दाखवण्याची जबाबदारी त्यांची आहे, आणि पुष्कळदा तो एक तर सापडत नाही किंवा सापडला तरी त्यातील मजकूर आपल्याच बाजूने बोलतो.

नियम स्पष्ट आहे. बँकांनी विमा विकण्याबाबत रिझर्व्ह बँकेने घालून दिलेल्या अटींनुसार ग्राहकाचा सहभाग निव्वळ ऐच्छिक असला पाहिजे, आणि कर्ज देणे व विमा घेणे यांची प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष सांगड घालता येत नाही. विमा नियामकाचे, म्हणजे ‘इर्डाई’चे, कॉर्पोरेट एजंटांसाठीचे २०१५ चे विनियमही हेच सांगतात. गहाण घराचा आग-भूकंपाचा विमा ही मात्र वेगळी बाब आहे. तारण सुरक्षित राहावे म्हणून बँक त्याची अट घालू शकते, पण तो कोणत्या कंपनीकडून घ्यावा हे आपण ठरवायचे असते. आपल्याला विकलेला आहे तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा, आणि तो कंपल्सरी नव्हता.

आता हिशेब. ९ टक्के दराने २० वर्षांसाठी एक लाखाला सुमारे ९०० रुपये हप्ता पडतो, म्हणजे १,१८,००० रुपयांपोटी आपण दरमहा साधारण १,०६२ रुपये जादा भरत आहात. असे २४० हप्ते भरले की ती रक्कम अडीच लाखांच्या पुढे जाते. विम्याचे छत्र आहे ५ वर्षांचे आणि त्याचा हप्ता आपण फेडणार २० वर्षे. सहाव्या वर्षापासून घरावर छप्पर राहील, पण कर्जावरचे छप्पर उडालेले असेल, आणि तरीही त्याचे भाडे पंधरा वर्षे चालूच राहील. तक्रारीत सर्वांत वर हा मुद्दा घ्यावा. हा विमा कर्जदाराच्या गरजेशी जुळत नाही हे यावरून कोणालाही, अगदी भाषणबाजी न करता, दिसते.

दुसरा मुद्दा ‘की फॅक्ट स्टेटमेंट’चा, म्हणजे कर्जाचा सर्व खर्च व अटी एकत्र मांडणाऱ्या विवरणाचा, आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्याने मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ, म्हणजे व्यक्तींना दिल्या जाणाऱ्या, मुदत कर्जासाठी बँकेने हे विवरण, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, देणे बंधनकारक आहे. विमा कंपनीसारख्या त्रयस्थाच्या वतीने वसूल केलेली रक्कम त्यात स्वतंत्रपणे दाखवावी लागते आणि ती वार्षिक खर्चाच्या दरात, म्हणजे एपीआरमध्ये, धरावी लागते. विवरणात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे कधीही आकारता येत नाही. आपले कर्ज या तारखेनंतरचे आहे. तेव्हा ते विवरण काढून पाहा. १,१८,००० त्यात नसतील तर आपले काम निम्मे झाले. असतील तर त्यासमोर विम्याची मुदत लिहिली आहे का, हे पाहावे.

तिसरा मुद्दा ओटीपीचा. बँक हमखास म्हणेल की ओटीपी देऊन ग्राहकाने संमती दिली. त्यावर भांडत बसू नये. त्या दोन ओटीपींचे एसएमएस मोबाइलमध्ये अजून असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट घ्यावेत आणि मजकूर अक्षर न अक्षर वाचावा. पुष्कळदा त्यात ‘आपल्या अर्जाची पडताळणी करण्यासाठी’ एवढेच लिहिलेले असते, विम्याचे नावही नसते. तसे असेल तर ती संमती कशासाठी होती, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

येथे थोडे विषयांतर करून स्वतःचे सांगतो, कारण मी या काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस आहे. ज्या बँकेत माझी नोकरी झाली, तेथे शेवटच्या काही वर्षांत मार्च महिना आला की वरून विम्याचे टार्गेट येई. कर्जाच्या अर्जांची चळत टेबलावर असे आणि प्रत्येक अर्जात सहीच्या जागी आधीच पेन्सिलीने बारीक फुल्ली मारून ठेवलेली असे. ग्राहकाने फुली दिसेल तेथे सही करायची. बावीस सह्यांमधली सतरावी फुली विम्याच्या अर्जावर असे, आणि ती सही करताना ग्राहकाचे लक्ष बहुधा चहाकडे असे. मी स्वतः त्या फुल्ल्या मारल्या आहेत. म्हणून सांगतो, आपला मूळ अर्ज मागवा आणि तो उजेडात धरून पाहा. खोडरबर नीट फिरवलेला नसतो.

त्याच अर्जात आणखी एक जागा पाहण्यासारखी असते. ग्राहकाने अर्जाच्या भाषेत नव्हे तर आपल्या भाषेत सही केली असेल, तर ‘हा मजकूर मी अर्जदाराला त्याच्या भाषेत समजावून सांगितला’ असे एक निवेदन तिसऱ्या व्यक्तीने सही करून द्यायचे असते. आपल्याकडील पुष्कळ मंडळी देवनागरीत सही करतात. अशा अर्जांवर त्या निवेदनाखाली कोणाची सही आहे, ती व्यक्ती त्या दिवशी तेथे होती का, आणि समजावणारा मराठी किंवा हिंदी जाणणारा तरी होता का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

आता ‘फ्री-लूक’विषयी. आयुर्विमा पॉलिसी हाती पडल्यापासून ३० दिवसांत, पटली नाही तर ती परत करता येते. तेवढ्या दिवसांची जोखीम, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक यांचा खर्च वजा करून बाकी रक्कम परत मिळते. कर्जासोबतचा विमा पुष्कळदा समूह विमा असतो, म्हणजे अनेक कर्जदारांची मिळून एकच पॉलिसी. त्यात आपल्या हाती पॉलिसी येत नाही, सदस्यत्वाचे प्रमाणपत्र येते, म्हणून ही अट प्रमाणपत्रावरच शोधावी. मुदत मोजायची ती कागद मिळाल्याच्या तारखेपासून, पैसे कापल्याच्या तारखेपासून नव्हे. कंपनी म्हणेल की प्रमाणपत्र आम्ही लगेच ई-मेलने पाठवले होते. कोणत्या पत्त्यावर, हे विचारावे. अर्जात ग्राहकाच्या ई-मेलच्या रकान्यात एजंटाचाच पत्ता लिहिलेला मी पाहिलेला आहे. प्रमाणपत्र ज्या दिवशी आपल्या हाती आले, त्यास ३० दिवस झाले नसतील तर हे उत्तर बाजूला ठेवून आजच अर्ज द्यावा.

मुदत उलटली असेल तर पुढील मजकुराचे पत्र विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला द्यावे आणि त्याची प्रत शाखेत देऊन पोच घ्यावी : ‘माझ्या कर्जखात्यात अमुक तारखेस १,१८,००० रुपये विम्यापोटी नावे टाकण्यात आले. हा विमा ऐच्छिक असल्याचे मला सांगण्यात आले नाही. कर्ज २० वर्षांचे असून विमा ५ वर्षांचा आहे. मी सही केलेला मूळ अर्ज, प्रकृतीविषयीचे निवेदन, पडताळणीच्या फोनचे ध्वनिमुद्रण व ओटीपीच्या संदेशाचा मजकूर यांच्या प्रती मला द्याव्यात. विमा रद्द करून संपूर्ण रक्कम मूळ तारखेपासून कर्जखात्यात जमा करावी व त्या रकमेवर आकारलेले व्याज परत करावे.’ शेवटच्या वाक्यातील ‘मूळ तारखेपासून’ हे शब्द गाळू नका. पुष्कळांना विम्याची रक्कम परत मिळते आणि मधल्या काळाचे व्याज मात्र बँकेकडेच राहते, कारण ते कोणी मागितलेलेच नसते. रक्कम जमा झाल्यावर हप्ता कमी करून घ्यायचा की मुदत, हेही त्याच पत्रात लिहून टाकावे.

एक खबरदारी घ्यावी. मंजुरीपत्रात विम्यापोटी व्याजदरात सवलत दिल्याचा उल्लेख आहे का, हे आधी पाहावे. असल्यास विमा रद्द होताच दर वाढवण्याचा प्रयत्न होईल, तेव्हा दोन्ही बाजूंचा हिशेब मांडूनच पत्र पाठवावे. विमा परत केला म्हणून दिलेले कर्ज बँक मागे घेईल, ही भीती मात्र निराधार आहे.

विमा कंपनीने दोन आठवड्यांत तक्रारीचा निकाल लावणे अपेक्षित असते. नाहीच लावला तर ‘इर्डाई’च्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. पण खरा उपयोग होतो तो विमा लोकपालांचा. मध्य प्रदेश व छत्तीसगडसाठीचे त्यांचे कार्यालय भोपाळला आहे. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर तेथे विनाशुल्क अर्ज करता येतो, वकील लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जावे लागते, हे कॅलेंडरवर लिहून ठेवावे. बँकेच्या वागणुकीविषयी तक्रार असेल तर तिला आधी लेखी कळवून ३० दिवस थांबावे आणि मग रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर जावे. कर्ज बँकेऐवजी गृहवित्त कंपनीचे असते तर राष्ट्रीय आवास बँकेकडे जावे लागले असते. ग्राहक आयोगाचा मार्ग शेवटचा ठेवावा. तेथे दोन वर्षांची मुदत असते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नसते आणि अर्ज इंदूरलाच दाखल करता येतो, परंतु तो दाखल केला की विमा लोकपाल त्याच प्रकरणात हात घालत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी व जावई २००४ ते २०१० इंग्लंडमध्ये, लेस्टरला होते. तेथे त्यांनी मोटारीसाठी व घरसामानासाठी कर्जे घेतली होती. आता त्यांना इंदूरला फोन येतात की, तुमच्या कर्जावर पीपीआय नावाचा विमा लावला होता, त्याचे चार हजार पौंड मंजूर झाले आहेत, फक्त प्रक्रियाशुल्क आधी भरा. असा परतावा खरोखर असतो का?
– एक ज्येष्ठ वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : परतावा खरा होता, फोन खोटा आहे. शुल्क भरू नये.

पीपीआय म्हणजे पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स. आजारपण आले, अपघात झाला किंवा नोकरी गेली तर कर्जाचा हप्ता विमा कंपनीने भरायचा, अशी ती कल्पना होती आणि कल्पनेत काही खोट नव्हती. खोट विक्रीत होती. ज्यांची नोकरीच नव्हती अशा स्वयंरोजगारी माणसांना नोकरी जाण्याचा विमा दिला गेला, निवृत्तांना दिला गेला, आधीच आजारी असलेल्यांना दिला गेला, आणि पुष्कळांना तो घेतल्याचा पत्ताही नव्हता. तेथील बँकांच्या संघटनेने तेथील वित्तीय नियामकाच्या या तक्रारींविषयीच्या धोरणाला न्यायालयात आव्हान दिले, ते एप्रिल २०११ मध्ये फेटाळले गेले, आणि त्यानंतर परताव्याचा ओघ सुरू झाला. २०११ पासून तेथील ग्राहकांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत मिळाली.

त्यांतील एका खटल्याचा तपशील मुद्दाम देतो, कारण वरच्या सुदामा नगरच्या पत्राशी त्याचे विलक्षण साम्य आहे. ५९ वर्षांच्या एका विधवा अध्यापिकेने २००६ मध्ये ३४,००० पौंडांचे कर्ज १० वर्षांसाठी घेतले. विम्याचे ५,७८० पौंड कर्जातच मिळवले गेले आणि विम्याची मुदत होती ५ वर्षे. त्या रकमेतील ७१.८ टक्के ही दलाली होती, प्रत्यक्ष विमा कंपनीकडे गेले ते १,६३० पौंड. बाईंना हे कोणी सांगितले नव्हते. ‘प्लेव्हिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की एवढी मोठी दलाली लपवल्यामुळे कर्जदार व धनको यांचे नाते अन्यायकारक झाले. विमा खोटे बोलून विकला होता की नाही, या वादात शिरण्याची गरजच उरली नाही, जे सांगायला हवे होते ते सांगितले नाही एवढे पुरले. पुढे नियामकाने ५० टक्क्यांवरची दलाली परत करण्याचा नियम केला.

परंतु नियामकाच्या व्यवस्थेखाली तक्रार करण्याची अंतिम तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. ती गेली. आजारपणासारखे अगदी अपवादात्मक कारण असल्याखेरीज बँका आता नवी तक्रार घेत नाहीत. न्यायालयाचा मार्ग पूर्ण बंद झालेला नाही. २००६ साली घेतलेल्या आणि २०१० मध्ये फिटलेल्या एका कर्जावर २०१८ मध्ये दावा लावला गेला, त्यात विम्याच्या रकमेतील ९५ टक्क्यांहून अधिक भाग दलालीचा निघाला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की दलाली जाणूनबुजून लपवलेली असल्याने सहा वर्षांची मुदत दाव्याच्या आड येत नाही. मात्र त्या स्थितीतही, लपवाछपवी कळल्यापासून किंवा योग्य दक्षतेने कळू शकली असती तेव्हापासून सहा वर्षे मोजली जातात. २०१९ पूर्वी तेथे या विषयाच्या जाहिराती इतक्या होत्या की ‘आम्हाला कळलेच नाही’ हे म्हणणे आज टिकवणे अवघड जाईल. इंदूरला बसून, इंग्लंडच्या वकिलाचे शुल्क देऊन, काही हजार पौंडांसाठी या वाटेला जाणे मला व्यवहार्य वाटत नाही.

आता फोनकडे वळू. तेथे पीपीआयचे दावे चालवणाऱ्या संस्थांवर जुलै २०१८ पासून परताव्याच्या २० टक्के व त्यावरील कर एवढीच शुल्काची मर्यादा आहे, आणि त्यांना नियामकाची परवानगी लागते. ज्या माणसाला परवानगी क्रमांक सांगता येत नाही आणि ‘मंजूर झालेले’ पैसे सोडवण्यासाठी आधी पैसे हवे असतात, त्याच्याशी बोलण्यासारखे काही नाही. मुलीने पासपोर्टची किंवा बँकेच्या तपशिलाची प्रत त्यांना आधीच पाठवली असेल तर आपल्या बँकेला आजच कळवावे. शुल्क भरून झाले असेल तर १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार तातडीने नोंदवावी.

प्रश्न : मी आठ वर्षांचे वाहन-व-दुकान कर्ज चौथ्या वर्षीच फेडून टाकले. बँकेने एनओसी दिली. कर्जासोबत एकरकमी हप्ता भरून घेतलेल्या विम्याचे पुढे काय होते? कोणी काही बोलत नाही.
– एक व्यापारी, मल्हारगंज, इंदूर

उत्तर : कोणी बोलत नाही, कारण बोलल्यास पैसे द्यावे लागतात. कर्ज फिटले म्हणून विमा आपोआप संपत नाही आणि त्याची रक्कमही आपोआप परत येत नाही. एकरकमी हप्त्याचा आयुर्विमा असेल तर साधारणपणे दोन पर्याय असतात : उरलेल्या मुदतीसाठी विमा चालू ठेवणे, किंवा तो मुदतीआधीच सोडून त्याची मिळेल ती रक्कम, म्हणजे सरेंडर व्हॅल्यू, घेणे. ही रक्कम उरलेल्या वर्षांच्या सरळ प्रमाणात येत नाही, त्याहून कमी येते. नेमके सूत्र प्रमाणपत्रासोबतच्या अटींमध्ये दिलेले असते. बँकेकडे जाण्यापेक्षा विमा कंपनीला थेट पत्र लिहावे, सोबत एनओसी, प्रमाणपत्र आणि रद्द केलेला धनादेश जोडावा. प्रमाणपत्र नसल्यास कर्जखाते क्रमांकावरून सदस्य क्रमांक शोधून देण्याची विनंती करावी. चालू ठेवणार असाल तर नुकसानभरपाई पूर्वी बँकेच्या नावे जाणार होती, ती आता आपल्या नॉमिनीच्या नावे जाईल असा बदल करून त्याची लेखी पुष्टी घ्यावी.

प्रश्न : आमच्या यजमानांनी दोन वर्षांपूर्वी घरासाठी १५ वर्षांचे कर्ज घेतले, त्यात त्यांच्या नावाचा १५ वर्षांचाच विमा आहे. आपला मागचा लेख वाचून मुलगा म्हणतो, हा विमा गळ्यात मारलेला आहे, पैसे परत मागू. यजमानांचे वय ५४ आहे, त्यांना मधुमेह आहे, दुसरा कोणताही विमा नाही. मागावेत का?
– एक गृहिणी, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : नाही, मागू नयेत. मुलाचा राग मी समजू शकतो, आणि विमा गळ्यात मारलेला असेलही. पण गळ्यात मारलेली वस्तू दर वेळी टाकाऊच असते असे नाही. ५४ व्या वर्षी, मधुमेह असताना, तेवढ्याच रकमेचे संरक्षण त्यांना आज बाजारात त्या किमतीला मिळणे कठीण आहे. कर्जाची मुदत आणि विम्याची मुदत जुळते, हेही तुमच्या बाजूचे आहे. परताव्याचे काही हजार हाती येतील आणि उद्या काही बरेवाईट झाले तर उरलेले हप्ते तुमच्या व मुलाच्या माथी येतील.

मात्र तुम्हाला दुसरेच एक काम तातडीने करायचे आहे. विम्याच्या अर्जाची प्रत मागवून त्यातील प्रकृतीविषयीचे निवेदन वाचा. ‘मधुमेह आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ अशी खूण असण्याची शक्यता मोठी आहे, कारण खुणा करणाऱ्याला अर्ज त्याच दिवशी पुढे ढकलायचा असतो. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यानंतर कंपनीला अशा कारणावरून ती नाकारता येत नाही, परंतु तुमची दोनच वर्षे झाली आहेत. मधल्या वर्षात दावा करण्याची वेळ आली तर हीच खूण आडवी येईल.

‘आणखी एक वर्ष गप्प बसू’ असा सल्ला तुम्हाला कोणी देईल. तो मी देणार नाही. ‘नाही’ अशी खूण असेल तर यजमानांनी स्वतःच्या सहीने कंपनीला कळवावे की, मधुमेह कर्जाच्या आधीपासून आहे, तो त्या वेळी तोंडी सांगितला होता (खरोखर सांगितला असेल तरच हे लिहावे), आणि नोंद दुरुस्त करावी. कंपनी जादा हप्ता मागेल, तपासणी सांगेल किंवा क्वचित विमा रद्द करून पैसे परत करेल. रद्द झालाच, तर निदान विमा नाही हे आज कळेल आणि त्या पैशांतून कर्जाचा काही भाग आधीच फेडता येईल. खूण ‘होय’वर असेल तर प्रश्नच मिटला. मग काकू, त्या अर्जाची व प्रमाणपत्राची एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा, कंपनीचा आणि सदस्यत्वाचा क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये लिहून घ्या, आणि मूळ कागद यजमानांनी कपाटाच्या कोणत्या खणात ठेवले आहेत ते त्यांना आजच विचारून घ्या.